उत्तमभाऊंनी शिकवलेली याद

माझे पहिले क्लायंट आज सकाळी गेले.

उत्तमभाऊ. धाड गावाजवळ त्यांची मिरचीच्या रोपांची नर्सरी. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलेलं नाही. पण मी अजून हे काम करते आहे ती त्यांच्यामुळे, म्हणून लिहिते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी वेबसाइट बनवायला शिकले. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं, मी ऑनलाइन क्लास लावला.

बुलढाण्यातल्या माझ्या मैत्रिणी हसल्या. या वयात भरतकाम शिकतात, म्हणाल्या.

उत्तमभाऊंची सून वैशाली ओळखीची. तीच त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

ते तासभर बोलले. रोपं कशी करतात, शेतकरी महिनाभर आधी कसं बुकिंग करतात, कोणत्या गावाला कोणती मिरची लागते.

मी मान डोलावत होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही. मी एकही प्रश्न विचारला नाही.

साइट सुंदर झाली. इंग्रजीत.

फोन नंबर डिझाइनमध्ये शोभत नव्हता, म्हणून मी तो काढला आणि एक छान फॉर्म टाकला. शिवाय मीच सुचवलं म्हणून भाऊंनी नव्या पत्रकांवर नंबरऐवजी साइटचा पत्ता छापला.

फॉर्म भरला की नर्सरीच्या ईमेलवर जायचा. तो ईमेल मीच काढून दिला होता. तो रोज उघडायचा असतो, हे सांगायचं मात्र राहिलं.

ऐन बुकिंगच्या दिवसांत भाऊंचा फोन गप्प झाला. बारा दिवस.

तेराव्या दिवशी बीबी गावचे एक जुने गिऱ्हाईक एसटीने थेट नर्सरीत येऊन थडकले. "मोठा झाला काय बे उत्तमा, नंबर लपवून राह्यला?"

मग सगळं उघड झालं. ईमेलमध्ये शेतकऱ्यांचे निरोप तसेच पडून होते. काहींनी वाट पाहून दुसरीकडे बुकिंग केलं होतं.

मला खूप रडू आलं. वैशालीला मी लांबलचक मेसेज लिहिला. चूक माझी आहे, कुणीतरी चांगला माणूस बघा, मी हे काम आजपासून सोडते आहे. खरंच सोडणार होते. लॅपटॉप कपाटात ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि वैशाली घरी आले. मी दारातच सॉरी म्हणायला लागले.

भाऊ शांतपणे खुर्चीत बसले. "ताई, माफी मंग मागा. आपली याद झालती काय?"

मला कळेना. लग्नाची बोलणी झाली की आपल्याकडे याद करतात. लग्न कुणाच्या दारी, जेवण कुणाकडे, कपडे कुणी घ्यायचे, सगळं कागदावर लिहितात आणि दोन्ही घरच्यांसमोर मोठ्याने वाचतात. ती याद.

"तुमी हो म्हनल्या, मी बी हो म्हनलो. कोनाले काय समजलं, हे कोनी इचारलं? याद असली तं मानूस कागदाशी भांडते. नाही तं मानसाशी भांडते."

कपाटातून लॅपटॉप निघाला, पण आधी वही निघाली.

माझ्याकडे काय, त्यांच्याकडे काय. साइट मराठीत. नंबर सगळ्यात वर. निरोप वैशालीने सकाळ-संध्याकाळ बघायचे. मी लिहिलं, मग त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं.

"तीन दिवसांत पूर्ण" असं वाचलं, तिथे त्यांनी मला थांबवलं.

"हे तुमच्यानं होते काय? नसन होत तं नाही म्हना."

मी म्हटलं, नाही होणार. आठ लागतील. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची ती माझी पहिली वेळ.

"मंग आठ लिहा," म्हणाले, आणि चहा मागितला.

त्या हंगामातलं थोडं हातचं गेलं, बाकीचं सावरलं. भाऊ त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त कुणाशी ओळख करून देताना हमखास सांगायचे, "ह्या आमच्या ताई. यायनं माहा नंबर लपवला होता." आणि त्याच दमात त्या माणसाला माझा नंबर द्यायचे. मेहकरचा दवाखाना, धाडचं कृषी केंद्र, किती कामं अशी आली.

आजही प्रत्येक नव्या क्लायंटला मी फोनवर याद वाचून दाखवते. पुण्याचे आधी हसतात. दुसऱ्या कामाच्या वेळी तेच विचारतात, मॅडम, याद कधी करायची?

आज आठ वाजता वैशालीचा फोन आला. साइटवर सूचना टाकायची होती. मी लिहिलं, उत्तमभाऊंच्या निधनामुळे नर्सरी तीन दिवस बंद राहील.

टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बंद नका लिहू, ताई. उद्या लोकायची रोपं न्यायची तारीख आहे. रोपं थांबत नाहीत. शेजारचे देतीन काढून."

मी ते खोडलं. लिहिलं, उत्तमभाऊ आज गेले. ज्यांची तारीख उद्याची आहे, त्यांनी ठरल्याप्रमाणे यावे.

पुन्हा वाचलं.

"हाव," ती म्हणाली. "असंच टाका."

भाऊ, त्या दिवशी तुम्ही माझ्या घरी आलात. तुमचे उपकार आहेत.

मनापासून नमस्कार. या, भाऊ.