संथ गटातल्या काकू

आमच्या तलावावर प्रौढांच्या शर्यतीचे गट वयाने नाही, वेगाने पाडतात. म्हणून काल सर्वांत संथ गटात सत्तरीच्या काकू आणि नुकतीच पोहायला शिकलेली एक तरुण डॉक्टर शेजारीशेजारी उभ्या होत्या. एरवी आपली गाठ फार पुढे गेलेल्यांशी पडते, नाहीतर फार मागे राहिलेल्यांशी. बरोबरीचं माणूस शेजारी असलं की दमल्यावरही चार हात जास्त मारले जातात.

काकू हातभर अंतराने जिंकल्या. जिंकणाऱ्याला पुढच्या वेळी वरच्या गटात जावं लागतं.

मी म्हटलं, "काकू, तिथे शेवटच्या याल."

टोपी काढत त्या म्हणाल्या, "येईन की. त्यासाठीही आधी त्या गटात जावं लागतं."