‘उद्या या’ म्हणणारे फोटोवाले

फोटो काढण्यात आमच्या फोटोवाल्यांपेक्षा हुशार माणसं चिंचवडात दोन-चार तरी असतील. पण काढलेला फोटो गिऱ्हाइकाला न देण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणी नव्हता. बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होतो आणि चिंचवडातल्या माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचा स्टुडिओ होता. पुढे कॅमेरा, मधे डार्करूम आणि मागे एक कॉट नि स्टोव्ह, एवढा त्यांचा संसार. काम मात्र रग्गड. सकाळी कामगारांचे ओळखपत्राचे फोटो, दुपारी कुठल्याशा कंपनीत नव्या मशीनची पूजा, संध्याकाळी सायकलला कॅमेऱ्याचा स्टँड बांधून चाकणचं लग्न नाहीतर कुठल्या गावची बैलगाड्यांची शर्यत. साहेब असो, नवरी असो, कामगार असो, कळ दाबण्याआधी ते सगळ्यांना एकच हुकूम सोडत, “हं, श्वास रोखा!” पूजेच्या हारांनी लदलेल्या लेथ मशीनलाही त्यांनी हे एकदा सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

मोशीला एक म्हातारे शेतकरी वारले. हयातीत त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता, म्हणून घरच्यांनी त्यांना फेटा बांधून खुर्चीत बसवलं, मागे सगळं खटलं उभं केलं आणि यांना बोलावलं. यांनी काळ्या कापडात डोकं घातलं आणि सवयीनं ओरडले, “हं आजोबा, श्वास रोखा!” थोरला मुलगा डोळे पुसत म्हणाला, “आवो, त्यांनी पहाटंच रोखलाय.” “मग बाकीच्यांनी रोखा,” म्हणत यांनी फोटो काढला. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. तो फोटो त्या घराला मिळाला वर्षश्राद्धाला.

कारण फोटो मागायला गेलं की ठरलेलं उत्तर, “उद्या या.” कधी केमिकल आलेलं नसे, कधी लाइट गेलेली असे, कधी प्रिंट वाळलेल्या नसत. पण आलेला माणूस चहाशिवाय सुटत नसे. “बसा राव, आलाच आहात तर,” म्हणत ते स्टोव्हला पंप मारू लागत.

माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. सासूबाई चिपळूणला अंथरुणाला खिळलेल्या, लेकीचं लग्न त्यांना बघता आलं नव्हतं. त्यांची पत्रावर पत्रं येत होती आणि आम्ही दोघं महिनाभर रोज खाली जाऊन चहा पिऊन परत येत होतो. शेवटी हिचा संयम सुटला. ते चहा गाळत असताना हिनं सरळ काउंटरचा खण ओढला. आत आमचं पाकीट! वर लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवसाची तारीख. शेजारी आणखी तीस-चाळीस तयार पाकिटं.

ते गाळणी हातात धरून उभेच राहिले. मग म्हणाले, “वहिनी, चुकलंच माझं. पण फोटो दिला की माणूस परत येत नाही हो. तुम्ही दोघं रोज येत होता, बरं वाटायचं.”

भांडायला गेलेल्या हिनं खण हळूच लावून टाकला. फोटो त्याच दिवशी चिपळूणला रवाना झाले. निघताना ही त्यांना म्हणाली, “आम्ही फोटोंशिवायही येत जाऊ, भाऊजी.”

गेलोही. दोन-तीन महिने नेमानं गेलो. मग ओव्हरटाइम सुरू झाला, मुलगी झाली, आकुर्डीला मोठी खोली मिळाली. चिंचवड काही परमुलूख नव्हता, पण जाणं राहिलं ते राहिलंच. काही वर्षांनी एका रविवारी बाहेरून आलो तर शेजारीण म्हणाली, “येक फोटोवाले यिऊन गेले. बराच येळ पायरीवर बसले हुते. दुकान बंद करून गावी निघालेत म्हनं.”

मी विचारलं, “काही देऊन गेलेत का?”

“न्हाई. मी इचारलं, काय काम हुतं? तर म्हनले, काम काही नाही, सहज आलो होतो.”

त्यांचं गाव कोणतं, हे इतक्या चहांत आम्ही कधी विचारलंच नव्हतं.