बारा मुखांची ग्रासपट्टी

अजित, नीता, सकाळच्या पॅसेंजरने मी नागपूरहून पांढुर्ण्याला निघाले, तेव्हा पिशवीत तुमच्या वत्सलाआजीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, कार्ड होतं. "वहिनी, दगडांवरचे तुमचे आकडे गेले. मोतीराम मिस्त्री बोलावतो आहे."

रामाकोन्याच्या अलीकडे एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर ग्रासपट्टी होती (सिंहासारख्या, डोळे वटारलेल्या मुखांचा आडवा कोरीव थर). बारा दगड, बारा मुखं. प्रत्येकाच्या जबड्यातून मोत्यांची माळ निघून शेजारच्याच्या जबड्यात शिरते. भिंत फुगली म्हणून दिवाळीनंतर मोतीरामने पट्टी उतरवली. परत त्याच क्रमाने बसवता यावेत म्हणून दगडांच्या पाठीवर छिन्नीने खुणा करायच्या, ही त्याच्या बापाची रीत. देवळाच्या मोजणीसाठी मी तिथे होते. जुन्या दगडाला इजा नको, गेरूने आकडे घालू, असं मीच म्हणाले आणि स्वतःच्या हाताने घातले. चटकन दिसावेत म्हणून मुखांच्या कपाळावर.

पांढुर्ण्याला वत्सलाने पाटवडीचा रस्सा केला होता. काय झालं ते तिने जेवताना सांगितलं. कपाळी लाल खूण असलेली मुखं निंबाखाली पाहून गावातल्या बायकांनी शेंदूर वाहायला सुरुवात केली होती. आता आकडेही दिसत नव्हते, माळाही नाहीत.

सौंसरच्या बसचं चाक वाटेत बसलं. कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) शेजारून जात राहिल्या आणि मी घड्याळ बघत राहिले. शेजारची बाई टोपलीतली संत्री सोलत होती.

"काऊन घाबरून राहिल्या बाई? घरी कोनी बिमार हाये का?"

"नाही. हातून चूक झाली आहे, ती निस्तरायला चालले."

"मंग संत्रा खा. चूक कुठं पळून जाते?"

गावात पोचले तेव्हा दुपार कलली होती. निंबाखाली शेंदराचे बारा गोळे ओळीने टेकलेले. मोतीराम लांब, हत्यारांच्या पिशवीवर बसला होता.

"जय भीम, बाई. शिवरात्रीले चार दिस राह्यले. तोवर पट्टी नाई चढली, तर पंच सिमेटचा गिलावा मारून राहिले. हे दगड पायव्यात जातीन. अन् मोतीरामानं देऊळ मोडलं, असं नाव होईन."

"शेंदूर खरवडला तर माळांवरून क्रम लागेल ना?"

"लागन. पण खरवडन कोन? मी बौद्ध मानूस. माह्या छिन्नीनं देवाचा शेंदूर निंघाला, तर गाव मले सोडन?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कपाळाले टिळा तुमीच लावला बाई."

बायका जमल्या. पंचांपैकी एक उंच माणूस काठी टेकत पुढे आला. "देवाले हात लावून तं पाहा," तो मोतीरामला म्हणाला. मोतीराम उठून उभा राहिला.

मी मध्ये गेले. "तो टिळा माझा. देवाचा नव्हे, मोजणीचा. चूक माझी आहे, ह्याची नाही."

मग गोदाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "म्हंजे तीन महिने आमी मोजनीले पूजलं?"

मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. काठीवाला वळून बघू लागला.

"हासू नोका," गोदाबाई म्हणाली. "पूजलं थे पूजलं. हनुमानाचा चोला (शेंदराची साचलेली खोळ) आपन काढतोच ना? तेल पाजा, सुटला का नदीत सोडा. छिन्नीचं कामच नाई, अन् मिस्त्रीचंबी नाई. आमी लावला, आमी काढू."

काठीवाला काठी आडवी ठेवून खाली बसला.

रात्रभर जवसाचं तेल मुरलं. सकाळी बायका नारळाच्या शेंड्या घेऊन बसल्या, मीही बसले. मुखाच्या आकाराच्या खोळी अलगद सुटून टोपल्यांतून नदीवर गेल्या. मोतीराम दुरूनच माळा वाचत होता. "हा डावीकडं. त्याच्या बाजूले तो."

अकरा जुळले. राहिलेल्या दगडाला मिठी मारून शेवंता नावाची गावातली एक सून बसली होती. तिचं लेकरू टायफॉईडमधून उठलं होतं, ते ह्याच मुखापुढे नवस बोलल्यावर.

"हा नाई देत मी."

काठीवाला पुढे सरकला. "राहू द्या तिच्यापाशी," मोतीराम म्हणाला. दगड अडला तर काम त्याचंच अडणार होतं, म्हणून काठीवाला मागे सरला.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पट्टी चढली. नवव्या, म्हणजे शेवंताजवळच्या मुखाच्या, जागी मोतीरामने घडवून गुळगुळीत केलेला कोरा दगड बसवला.

"ह्यावर मुख कधी कोरणार?" मी विचारलं.

"नाई कोरत बाई. ते मुख निंबाखाली हाये. एकाचे दोन कायले करू?"

लोधीखेड्यावरून नागपूरला येणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत मी तो कोरा दगड आठवत होते. दोन्हीकडच्या माळा त्याच्यापाशी येऊन थांबतात. बाराचा हिशोब पुरा न होता काम पुरं होतं, हे मला आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही कधी तिथे गेलात, तर कोणी म्हणेल की मिस्त्रीला नववं मुख कोरता आलं नाही. त्याला सांगा, आलं असतं.