बेकरीच्या अक्षराची सावली

त्या दिवशी नेरूळला बेकरीच्या बोर्डाखाली आमी चौघं होतो. मी हिराबाई. माझा नवरा काशिनाथ, करावे गावात त्याला सगळे पेंटरच म्हनायचे. बेकरीचे मालक इस्माईलभाई. आनि त्यांचा जावई रफिक.

मी शिडीवर. पेंटर समोर चहाच्या टपरीवर खुर्चीत. अंगावरून वारं गेल्यापासून त्याचा उजवा हात मेलेला, बोलनं पन नीट निघत नव्हतं. आधी आऊटलाईन, म्हंजे अक्षराची कड, तो काढायचा. आत रंग मी भरायचे. सावली तो शेवटी टाकायचा, तवर मी घरी चुलीपाशी. हा पयला बोर्ड सगळा माझ्या हातचा. हा गेला असता, तर नारळी पुनवेला होड्यांवर नावं रंगवायचं काम पन आमाला कोनी दिलं नसतं.

इस्माईलभाईंना होडीवरचं जुनं अक्षर पायजे होतं. जाड पोट, बारीक कंबर, निळ्या पाटीवर पिवळा रंग, बाजूला लाल सावली. ते लांबून वाचायचं अक्षर. त्याच्यात नुसतं नाव लिहायचं, बारीक काय लिहिलं की गिच्च होतं. त्यांचं म्हननं, बेकरी नवी हाय, पन सोसायटीवाल्यांना जुनी वाटली पायजे. पाव लोक जुन्या बेकरीचाच खातात.

सावली टाकून खाली उतरले. रस्त्यापलीकडनं बघितलं तर अक्षरं सुजल्यासारखी. लाल-पिवळं एकात एक गेलेलं.

रफिक म्हनाला, "मावशी, हे वाचता येत नाय. वाशीला मशीनवर स्टिकर कापून देतात. आजच लागेल."

इस्माईलभाईंनी परत बोर्डाकडं बघितलं. मग म्हनाले, "पेंटरचं अक्षर असं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हनले.

तिकडं पेंटर काहीतरी ओरडत होता. पानी दिलं तर त्यानं ग्लास ढकलला. डाव्या हाताची दोन बोटं जुळवली, जराशी लांब केली. परत जुळवली, परत लांब. रफिक म्हनाला, चाचा विडी मागतायत. पेंटर आनखी भडकला.

मी त्या बोटांच्या मधून बोर्डाकडं बघितलं. तवा कळलं. सावली अक्षराला चिकटवायची नाय. मधी पाटीचा निळा रंग दोरीएवढा सोडायचा. इतकी वर्सं मी पोटं भरली, ती फट कधी बघितली नव्हती.

"भाई, जेवून या," मी म्हनले. "नाय पटलं तर स्टिकर लावा."

लाल अजून ओलं होतं. काडीला फडकं गुंडाळलं, घासलेटात बुडवलं, अक्षराच्या कडेकडेनं पुसत गेले. खालची सुकलेली निळी रेघ वर आली.

इस्माईलभाई आले, रस्त्यापलीकडं उभे राहिले. पेंटरसाठी चहा सांगितला.

"कड वाकडी हाय," ते म्हनाले.

"हाय."

"राहू दे. जुनी वाटते."

त्या पुनवेला होड्यांची नावं मीच काढली. पेंटर खुर्चीतनं बोटं दाखवायचा.

आता तसलं अक्षर पोरं कॉम्प्युटरवर काढतात, केकच्या खोक्यावर, हाटेलच्या दारावर. काढा. पन सावलीच्या मधी फट ठेवा.