न पिकणारी गाठ

आमच्या घरात एक 'अहो' होते आणि एक 'अरे'. 'अहो' म्हणजे माझा नवरा, 'अरे' म्हणजे कुत्रा. नावं दोघांनाही होती, पण हाक मारायला ती कधी लागली नाहीत. हे गेले तेव्हा माणसं आली, तेराव्याला जेवली, पांगली. सरावलीजवळच्या या चिकूच्या वाडीत मी आणि कुत्रा असे दोघेच उरलो. मुलगी परदेशात. फोनवर ती आधी कुत्र्याला दाखव म्हणते, मग माझी तब्येत विचारते.

गेल्या वर्षी कुत्र्याच्या डाव्या डोळ्याच्या वर गाठ आली, सुपारीएवढी. आता चिकूवाल्यांना एक खोड असते, काहीही हाती आलं की अंगठ्याने दाबून बघायचं. वाडीत फळं निवडायला येणारी बाई आणि मी, दोघींनीही गाठ दाबली. मऊ लागली. "पिकतेय बाय," ती म्हणाली, "पिकली का फुटंल, न् सुटंल तो." मलाही पटलं. मग रोज सकाळी चिकूंच्या आधी गाठ दाबायची आणि हळद-कणकेचं गरम पोटीस लावायचं, असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. "अजून नाय पिकली," असं म्हणून आम्ही टोपल्यांकडे वळायचो. तो निमूट बसायचा. दुखत नव्हतंच त्याला. गाठ लिंबाएवढी झाली आणि डोळा बाहेर ढकलल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा मात्र मी पोटीस बाजूला ठेवलं आणि डॉक्टर गाठायचं ठरवलं.

एसटीत कुत्रा कोण घेणार? चिकूच्या टेम्पोत, क्रेटच्या मध्ये त्याला घेऊन बसले आणि तलासरी गाठली. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुईने थोडं काढून तपासायला पाठवलं, पुढच्या तपासण्या वापीला करून घेतल्या. शेवटी मला समोर बसवून म्हणाले, "बाई, ही पिकणारी गाठ नाही. चरबीची आहे. पोटावर, छातीवर अशा खूप बघितल्या, डोळ्याभोवती पहिल्यांदाच बघतोय. कॅन्सर नाही. पण मागे स्नायूंत शिरलीय, डोळ्यासकट काढावी लागेल. वय झालंय त्याचं. भुलीतून उठेलच, अशी खात्री देत नाही."

"डोळा घ्या," मी म्हटलं, "पण कुत्रा परत द्या."

ऑपरेशन वापीला झालं. मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारी मांजराची टोपली घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "तमारी साथे कोण छे?" मला गुजराती चांगलं येतं. पण 'सोबत कोण' याला मी नुसतं आतल्या दाराकडे बोट दाखवलं. जो सोबत होता, तोच आत टेबलावर होता.

तो उठला. शुद्धीवर येताच त्याने माझी बोटं चाटली आणि मी तिथेच, चारचौघांत, हमसून हमसून रडले. हे गेले तेव्हा मला असं रडता आलं नव्हतं.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, "डावीकडून जाताना आधी आवाज द्या. नाहीतर दचकेल, चावेलही." आता घरी मी बोलायचे कुणाशी? तोंड उघडायचे ते जेवायला. पण या कुत्र्यापायी बोलणं भाग पडलं. अरे, मी आले. अरे, केर काढतेय. अरे, सरक जरा. सुरुवातीला माझाच आवाज मला परका वाटायचा.

परवा संध्याकाळी वाळलेले कपडे घेऊन अंगणातून आत येत होते. तो उंबऱ्याशी झोपलेला, डावी बाजू माझ्याकडे. हात भरलेले, लक्ष भलतीकडे, आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, मी आले."

तो ताडकन उठला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत वळला, दाराच्या चौकटीला आपटला, तसाच ह्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि मान वाकडी करून उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे बघत उभा राहिला. कपडे तसेच छातीशी धरून मीही बघत राहिले.