क्रोमच्या टाकीवरचा गयासभाई

आमच्या वाळूजच्या प्लेटिंगच्या, म्हंजी लोखंडावर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायच्या शेडमधी एक येडेपणाची रीत व्हती. क्रोमच्या टाकीवर राबून ज्याच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं, तो पक्का कारागीर. नवा माणूस कामाला आला की गयासभाई एका नाकपुडीतून दोरा घालायचा, दुसरीतून काढून दाखवायचा, अन् आम्ही टाळ्या पिटायचो. टाळ्या! अक्कल गहाण ठेवली व्हती सगळ्यांनी.

गयासभाई खुलताबादचा. चौदा वर्षं त्या टाकीवर उभा. तोंडाचा फटकळ. मालकाला कितीदा तरी सांगितलं त्यानं, "शेठ, वाफ ओढायचा पंखा जळालाय, सगळी वाफ नाकात जाती." शेठ म्हणायचा, बघू. बघू बघू करत चार वर्षं गेली.

भोक पडताना लई दुखत नाय, तीच तर गोम हाय. आधी खपल्या धरतात, मग रक्त येतं, मग श्वास घेताना बारीक शिटी वाजती. एके दिवशी गयासभाईचं रक्त थांबेचना. मी अन् त्याची बायको सगीराभाभी, आम्ही त्याला कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडमनं आधी सगळं विचारून घेतलं. तपकीर ओढता? काही नशा? नाकाचं ऑपरेशन झालंय? टीबी? बोट घालायची सवय?

"कुछ नहीं!" भाभी कडाडली. "चौदा बरसांपासून टाकीवर उभा हाय, तेवढंच."

मॅडमनं दुर्बीण घालून बघितलं. "मग क्रोमचंच काम हे. मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, मलम लावा, खपल्या ओढू नका. भोकात सिलिकॉनचं बटण बसवता येईल, नाहीतर ऑपरेशन करू. पण परत त्या वाफेत उभे राहिलात, तर सगळं पाण्यात." अन् कागदावर तसंच लिहून दिलं.

गयासभाईनं तो कागद शेठपुढं ठेवला, वाचून शेठचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं टाइप केलेला दुसराच कागद गयासभाईपुढं सरकवला. 'मला तपकिरीची सवय आहे, नाकाचा आजार त्यामुळेच झाला.' वर म्हणतो, "सही कर. ऑपरेशन मी करून देतो, नोकरीबी पक्की. नायतर उद्यापासून येऊ नको."

गयासभाईची तीन लेकरं शिकत व्हती, हे आम्हाला ठाऊक व्हतं. तरी मी खाली मान घालून उभा. लाज वाटती सांगायला.

"तपकिरीला जिंदगीत हात लावला नाय मी," गयासभाई म्हणाला. "नाक खाल्लं तुमच्या टाकीनं, अन् बदनामी माझी? वा रे वा! ठेवा तुमची नोकरी."

त्यानं कागद उलटा केला अन् कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'मी चौदा वर्षं क्रोमच्या टाकीवर काम केलं. पंखा चार वर्षांपासून बंद आहे.' खाली सही ठोकली. "हे कारखाने तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरकडं जाणार. ज्याच्या नाकातून रक्त येतं, त्यानं खाली नाव लिहावं. जबरदस्ती नाय."

"कोण लिहितो तेच बघतो!" शेठ ओरडला.

माझ्या नाकात दीड वर्षापासून खपल्या धरत व्हत्या. घरीबी बोललो नव्हतो. मी पुढं झालो, पेन घेतलं. नाव ठळक लिहिलं, बन्सी.

मागून आमच्याच टाकीवर राबणाऱ्या फकिराचा आवाज आला, "सरक की बाजूला. मलाबी लिहायचंय."