मुलगी बघत नाही

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, पाणीपट्टीच्या खिडकीला लागून, बिनकाचेची एक खिडकी आहे. बाकी सगळ्या खिडक्यांना काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि त्या भोकात तोंड घालून बोलणारी माणसं. ही एकच उघडी. काचेवर उजेड पडला की पलीकडच्याचे हात दिसत नाहीत, आणि या खिडकीवरचं बोलणं हातांनीच चालतं. काच काढायची एवढी साधी गोष्ट, पण ती या टेबलावरून त्या टेबलावर इतकी हिंडली की तेवढ्यात एखादा पूल बांधून झाला असता. शेवटी काच निघाली ती ताईच्या चिकाटीमुळे.

ताई म्हणजे या खिडकीवरची दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या हातांचं बोलणं ती साहेबलोकांना तोंडानं सांगते आणि साहेबलोकांचं बोलणं हातांनी परत पोचवते. ती येण्याआधी इथे काय चालायचं ते काही विचारू नका. नंबर पुकारला जायचा. ज्याला ऐकूच येत नाही तो बिचारा बाकावर बसून राहायचा, आणि कचेरी बंद व्हायच्या वेळी शिपाई त्याला हलवून म्हणायचा, "अहो, तुमचा नंबर केव्हाच गेला!" तेही ओरडून, जणू बहिरेपणा म्हणजे कानातला मळ, आवाजानं निघेल. दारातल्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला होता, पण त्याच्या तोंडाशी शोभेची भलीमोठी कुंडी. आता कुंडी हलली आहे, नंबर फलकावर दिव्यांनी उमटतो, आणि शिपाईसुद्धा सुधारला आहे. तो आता ओरडत नाही, हातानं 'या, या' करतो आणि वर हसतो.

ताईच्या कामाचा नियम असा, की जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि पदराखाली लपवायचंही नाही. शिवाय सांगायचं ते त्या माणसाच्याच तोंडचं म्हणून. 'हे आजारी होते म्हणतात' असं नाही, सरळ 'मी आजारी होतो.' त्यामुळे सुरुवातीला फार गंमत व्हायची. चांगली पन्नाशीला टेकलेली बाई खणखणीत आवाजात म्हणायची, "काल मी दाढीबिढी करून आलो, तर तुमची खिडकी बंद!" रांगेतले लोक तोंडाला रुमाल लावायचे. हातांच्या भाषेत आलो आणि आले वेगळं नसतं. बाप्या असो की बाई, खूण तीच. तू आणि तुम्ही हेही एकच. शब्दाला शेपूट लावायचं काम ताईचं. येईल त्याला 'अरे-तुरे' करणाऱ्या एका कारकुनाला तिनं एकदा समोरच्या माणसाच्या वतीनं चोख 'तू' परत केलं होतं. "तू माझं काम कधी करणार?" तेव्हापासून तो शिपायालासुद्धा अहो-जाहो करतो.

ही विद्या ती शाळेत शिकली नव्हती. आई-बाप दोघंही जन्मापासून बहिरे, आणि त्यांच्या पोटी ही ऐकणारी. बाप छापखान्यात जुळारी होता, शिशाचे खिळे उचलून शब्द जुळवायचा. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटानं बाकीचे लोक घरी जाऊन डोकं धरून बसायचे, हा आपला ताजातवाना. बाहेरच्या जगाशी या घराचं जे काही बोलणं व्हायचं ते या पोरीमार्फत, ती गुडघ्याएवढी होती तेव्हापासून. दुकानदार म्हणायचा, "ए, तुझ्या बापाला सांग, घाई असेल तर दुसरीकडे जा म्हणावं." पोरगी बापाला हातांनी सांगायची, 'काका म्हणतात, जरा थांबा, लगेच देतो.' बाप दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्या बघायचा, मग पोरीकडे बघायचा आणि खुणेनं म्हणायचा, 'फार गोड माणूस आहे हा.' सगळं कळायचं त्याला. पोरगी चाळून सांगते हे कळायचं आणि का चाळते हेही कळायचं. म्हणून तो तिला कधी बोलला नाही.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात बाप आणि लेक, तिसरा मजला, अरुंद जिना. ताईनं लग्न केलं नाही; कुणी विचारलं तर 'वेळ कुठे मिळाला' म्हणून हसण्यावारी न्यायची. बापाला मात्र तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं. वेळेवर औषध, धुतलेले कपडे, आंघोळीला कढत पाणी. कशाला म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. पण दिवसभर लोकांची गाऱ्हाणी सांगून तिचे हात भरून यायचे, आणि घरी आल्यावर ते फक्त भांडी घासायचे. त्यात एक सोय होती. ऐकणाऱ्या माणसाला नको ते ऐकायचं नसेल तर कानात बोटं घालावी लागतात. बहिऱ्या माणसाचं बोलणं टाळायला नुसती मान वळवली तरी पुरतं.

आणि हल्ली ती मान वळवत होती, त्याला कारण होतं. नगरपालिकेनं बागेमागे तळमजल्यावरच्या खोल्या बांधल्या होत्या, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी. दारावरची घंटा दाबली की आत दिवा लागायचा. छापखान्यातले दोन बहिरे दोस्त तिथे राहायला गेले, आणि म्हाताऱ्यानं ध्यासच घेतला. एकदा जेवताना त्यानं हात उचलले, 'त्या खोल्या आहेत ना…' ताई पाणी आणायला उठली. पुढच्या वेळी तिला गळका नळ आठवला. त्याच्या पुढच्या वेळी ती दुधाकडे बघायला धावली, आणि दूध तर तापत ठेवलेलंच नव्हतं. त्याला काय म्हणायचंय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण त्यानं एकदा ते पुरतं बोलून टाकलं की हो किंवा नाही म्हणणं भाग होतं. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायची छाती होत नव्हती.

असंच चाललं असतं. पण एके दिवशी सकाळी फलकावर नंबर उमटला आणि बिनकाचेच्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला तो ताईचा बाप. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि तिन्ही मजले एकटा उतरून आल्याचा दम अजून छातीत.

ताईच्या शेजारी मॅडम बसल्या होत्या. खोल्या कुणाला द्यायच्या ते त्याच ठरवायच्या.

"मॅडम, हे माझे वडील," ताई म्हणाली. "घरच्या माणसाचं काम मी करणं बरोबर नाही. दुसऱ्या दुभाषीला बोलवावं लागेल."

"बरोबर आहे. पण ती परवा येणार. थांबतील का विचारा त्यांना."

ताईनं विचारलं. म्हाताऱ्याचे हात ठासून बोलले, आणि नियम म्हणजे नियम, ताईला ते मोठ्यानं म्हणावं लागलं. "'नाही. मला हीच पाहिजे. घरी मी बोलायला लागलो की ही मान वळवते. इथे हिला माझे हात बघायचा पगार मिळतो.'"

शिपाई फिसकन हसला. मॅडमनी नुसतं बघितलं, तसा तो एकदम गंभीर होऊन फलक पुसायला लागला.

"बोला बाबा," मॅडम म्हणाल्या. म्हणाल्या त्या म्हाताऱ्याकडे बघून. दुभाषीकडे नव्हे, माणसाकडे बघून बोलायचं हे त्यांना ताईनंच शिकवलं होतं.

म्हाताऱ्यानं बाह्या सारल्या. त्याचे हात हलायला लागले आणि मागोमाग ताईचा आवाज. "'मी जुळारी होतो. आता गुडघे गेले. मला बागेमागची खोली पाहिजे. सध्या मुलीकडे राहतो. मुलगी गुणी आहे.'" इथे ताईचा आवाज जरा मऊ झाला. "'पण…'" म्हाताऱ्यानं दोन बोटं डोळ्यांपासून पुढे नेली आणि नकारार्थी हात हलवला. ताई म्हणाली, "'पण मुलगी बघत नाही.'"

मॅडमचं पेन थांबलं. आपल्या भाषेत म्हाताऱ्या बापाला मुलगी बघत नाही म्हणजे काय, ते शेंबडं पोरही सांगेल. रांगेतल्या एका बाईनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"बघत नाही? खायला-प्यायला देत नाही का? ती इथे बसली आहे म्हणून घाबरू नका, बाबा. तिची तक्रार करायची असेल तर तशीही करता येते."

आता हे सगळं ताईनं स्वतःच्या हातांनी बापाला सांगायचं होतं. 'अहो, तसं नव्हे हो! बहिऱ्याच्या बोलण्यात बघणं म्हणजे ऐकणं!' असं ओरडावंसं तिला वाटत होतं. पण पदरचं घालायचं नाही. कानशिलं तापलेली असताना तिनं शब्द न शब्द बापाला सांगितला. मुलगी खायला देत नाही का? तक्रार करायची आहे का?

म्हाताऱ्याला आधी उमजेना. मग उमजलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्याचं भाषांतर कुणाला लागलं नाही. हात भराभर चालायला लागले, आणि ताई रडवेल्या तोंडानं स्वतःचीच वकिली करू लागली. "'अहो, देते की! नको नको म्हणेपर्यंत वाढते! माझं बोलणं बघत नाही, असं म्हणतोय मी. तुम्ही कानानं ऐकता, आम्ही डोळ्यानं. ही दिवसभर परक्यांचं बघते. घरी येते तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. मी समोर बसून असतो. मी कुणाशी बोलायचं? बागेमागे माझे दोस्त आहेत, भांडायला तरी माणसं आहेत. तिला माझं ओझं वाटत नाही, ठाऊक आहे मला. ती आपली जपत राहते, मी जपून घेत राहतो…'" म्हाताऱ्यानं दोन्ही हात खांद्यापासून ढिले सोडले. "'फार दमले.'"

"दमले?" मॅडमनी मान वर केली. "कोण दमलं? बाबा की तुम्ही?"

इतक्या वर्षांत ताईचं शेपूट कधी चुकलं नव्हतं. 'माफ करा, दमलो' एवढं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारला गेलेला प्रश्न पोचवावा लागतो. तिनं हात उचलले. 'मॅडम विचारतात, दमलं कोण?'

म्हाताऱ्यानं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या छातीला बोट लावलं, तेच बोट तिच्याकडे नेलं, आणि पुन्हा तसंच केलं.

"'आम्ही दमलो,'" ताई म्हणाली. आम्ही म्हटलं की शेपटाची भानगड उरत नाही.

मॅडमनी आपलं पाण्याचं भांडं हळूच ताईपुढे सरकवलं. "एक खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "पण सोबत राहणाऱ्या घरच्यांची काही हरकत आहे का, एवढं मला विचारावं लागतं. आणि हे मी दुभाषीला विचारत नाहीये, ताई. यांच्या मुलीला विचारतेय."

ताईनं आधी प्रश्न बापाला सांगितला. मग तिचे हात आणि तोंड एकदमच बोलायला लागले. "हरकत नाही. पण मला वाईट वाटतंय. तुम्ही तिकडे गेलात की मी कामावरून कुणासाठी घरी येऊ? मला भीती वाटते, बाबा. म्हणून मी ती दुधाबिधाची सोंगं केली."

म्हातारा बघत राहिला. जेवलात का, औषध घेतलं का, अंगावर घ्या, गार आहे; किती वर्षं लेकीच्या हातांनी एवढंच म्हटलं होतं. त्यानं काहीतरी विचारलं, आणि सवयीनं ताईच्या तोंडून ते बाहेर पडलं, "'हे घरी का नाही बोललीस?'"

"कोण, मी?" मॅडम गडबडल्या.

"नाही, मॅडम. मला विचारताहेत." ताईनं डोळे पुसले आणि बापाकडे नीट तोंड केलं. "घरी मी बघत नव्हते."

हातात हात धरले की बोलणं बंद पडतं, म्हणून त्या घरात कुणी कुणाचे हात फार वेळ धरत नसे. म्हाताऱ्यानं खिडकीतून पुढे वाकून लेकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. किल्ली केव्हा मिळेल ते मॅडमना सांगायचं होतं, पण दुभाषीचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्या थांबल्या.